शेतावर घोडा आणताय? आधी फाटकाची कडी बघा

"पाऊण एकरात घोडा मावेल का?" "कुत्रा घोडीच्या मागच्या पायांत घुसतो, त्याला आवरायचं कसं?" "शेळीनं घोड्याची चंदी खाल्ली आणि पोट टम्म फुगलं, आता काय?" शहर सोडून शेतावर राहायला गेलेल्या, किंवा निदान शनिवार-रविवार तिथं काढणाऱ्या वाचकांची अशी पत्रं हल्ली सारखी येतात. प्रत्येकाला आपला घोळ जगावेगळा वाटतो. तसा तो नसतो.

सासवडच्या पलीकडे माझं अडीच एकर रान आहे. तिथं एक घोडी, दोन कुत्री, पाच शेळ्या, वीसेक कोंबड्या आणि दर पावसाळ्यात आकडा बदलणाऱ्या मांजरी आहेत. बारा वर्षांत जे घोटाळे झाले, त्यांतले रोगराईनं झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकीचे सगळे उघड्या दारानं, सामाईक पोत्यानं आणि "मला वाटलं तू कडी लावलीस" या वाक्यानं झाले. म्हणून या लेखात घोड्याच्या जातींचं कौतुक फार सापडणार नाही. दारं, पोती, औषधं आणि माणसं यांच्याबद्दलच जास्त सांगणार आहे.

रात्री शेतावर कोण झोपतं?

घोड्याचा विचार मनात आला की लोक आधी जागा मोजतात आणि मग किंमत विचारतात. तुम्ही आधी या प्रश्नाचं उत्तर द्या. मांजर एक रात्र एकटं काढतं, कुत्राही काढेल. घोड्याला रात्री दहा वाजता पोटशूळ उठला आणि तो सकाळी सात वाजता कुणाच्या नजरेस पडला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

त्यामुळे शेतावर मुक्कामी, जनावराची सवय असलेला माणूस नसेल तर घोडा आणू नका. हे मी अनेकांना सांगते आणि अनेकांना राग येतो. शनिवार-रविवारपुरता हौसेचा घोडा म्हणजे आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेला जीव.

माणूस ठेवलात तर त्याचंही नीट बघा. त्याला आठवड्याची सुट्टी हवी आणि त्या दिवशी काम करणारा दुसरा हात आधीच शिकवून तयार हवा. धनुर्वाताची लस त्यालाही द्या. लिदीत, मातीत आणि गंजक्या खिळ्यांत दिवसभर हात घालणारा तोच असतो.

जागा आणि वाटा

एका घोड्याला आडोशासाठी साधारण १२ फूट बाय १२ फूट जागा लागते आणि दिवसातून काही तास मोकळं फिरायला कुंपण घातलेला तुकडा लागतो. पाऊण एकरात हे बसतं. पण त्या तुकड्यात गवत टिकेल आणि वैरण विकत घ्यावी लागणार नाही, अशी आशा मात्र धरू नका.

घोडा कळपातलं जनावर आहे. तो एकटा पडला की लाकूड चावत बसतो, दारापाशी झुलत राहतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळीची सोबतही चालते. आमच्या घोडीनं एका म्हाताऱ्या शेळीला असं जवळ केलं आहे की तिला दवाखान्यात नेलं तर घोडी तासभर खिंकाळते.

कुंपणाबद्दल तीन गोष्टी सांगते.

- काटेरी तार लावू नका. घोडा बिथरला की थेट तारेत शिरतो आणि पायाची कातडी सोलून निघते. लाकडी किंवा पाइपच्या आडव्या दांड्या उत्तम.
- झटका मशीन लावायचं असेल तर तयार मिळणारं सौर यंत्रच लावा. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणं बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत.
- पागेच्या दाराला दोन कड्या हव्यात. एक वर आणि एक खाली, पायानं सरकवता येईल अशी. वरची कडी घोडा ओठांनी उघडायला शिकतो. आमची घोडी तीन आठवड्यांत शिकली.

कोंबड्यांचं खुराडं पागेला चिकटून बांधू नका. कोंबड्या गव्हाणीत बसतात, वैरणीत शिटतात आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा, गोचिडी घोड्याला खाज आणतात. लिदीचा खड्डा विहिरीपासून आणि राहत्या घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असू द्या. एक घोडा दिवसाला १५-२० किलो लीद सहज टाकतो. ती रोज उचलली नाही तर पावसाळ्यात माश्या तुम्हाला ओसरीवर जेवू देणार नाहीत.

घोडा घेताना

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार आणि अकलूजचा बाजार या आपल्याकडच्या मोठ्या जागा. तिथं मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे असे बरेच घोडे दिसतात. आपल्या मातीतल्या भीमथडीची तर अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. पहिल्यांदा घोडा पाळणाऱ्यानं दिसण्यावर जाऊ नये. उंच, पाणीदार, नाचरा घोडा बाजारात छान दिसतो, पण नवशिक्याला तो घरी आवरत नाही. आठ ते बारा वर्षांची, कामाची सवय असलेली, शांत घोडी घ्या.

बाजारात घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची मोठी चर्चा चालते. कुठला भोवरा शुभ, कुठला मालकाला खाणारा, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे की नाही, यावर हजारो रुपये वर-खाली होतात. तुम्हाला शांत जनावर हवं असेल तर या समजुतींचा फायदा घ्या. 'अशुभ' भोवऱ्याचा चांगला घोडा स्वस्तात मिळतो.

सौदा पक्का करण्यापूर्वी:

- दात बघायला जाणकार न्या. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून बदलू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून काढतात, आणि तिथंच फसवणूक होते.
- घोडा कडक जमिनीवर दुडकवून बघा. मऊ वाळूत लंगडेपणा लपतो. वेदनाशामक टोचूनही तो लपवतात, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.
- चारही पाय उचलून द्यायला तयार आहे का, म्होरकी घालू देतो का, गाडीत चढतो का, हे स्वतः करून बघा.
- ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. जनावराला उपचार देत नाहीत, रोग पक्का झाला की त्याला मारावंच लागतं. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला होता. अंतिम तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.
- वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला घ्या. तो नसेल तर वाटेत गाडी अडू शकते.

नवा घोडा आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून वेगळा ठेवा. त्याची बादली, खरारा आणि म्होरकीसुद्धा वेगळी.

खाद्याची कोठी: खरा घोळ इथं होतो

आपल्याकडे शेतावर एकच कोठी असते. तिच्यात कोंबडीखाद्य, सरकी पेंड, कडबा, गव्हाचा कोंडा, कुत्र्याचा खुराक, युरिया, उंदराचं औषध, सगळं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. काहीतरी बिनसलं आणि कारण सापडेना की मराठीत आपण "कुठंतरी घोडं पेंड खातंय" म्हणतो. शेतावर ही म्हण शब्दशः घ्या. घोडं कुणाची पेंड खातंय ते आधी शोधा.

घोड्याला काय नको

सगळ्यात आधी कोंबडीखाद्य. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून तयार खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती मानवतात. घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेनंही निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. गुरांच्या काही तयार खुराकांतही ही औषधं असतात. पोत्यावरची चिठ्ठी वाचा. त्याच घमेल्यानं आधी कोंबड्यांना आणि मग घोड्याला वाढू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात:

- बुरशी धरलेला मका. त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदू खराब होतो. गुरं पचवतात म्हणून घोडाही पचवेल, असं नाही.
- सुबाभूळ. शेळ्यांना आवडतो म्हणून आपण बांधावर लावतो. घोड्यानं रोज खाल्ला तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. एका वाचकांनी "घोड्याला टक्कल पडलंय" म्हणून फोटो पाठवला होता. मागे सुबाभळीचं झाड दिसत होतं.
- कण्हेर. फाटकाशी शोभेला लावलेली असते. मूठभर पानंही घोड्याला, शेळीला पुरेशी घातक. आजच उपटा. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका, वाळलेली पानंही तितकीच विषारी असतात.
- हिरवी ज्वारी, विशेषतः कोवळी आणि खोडव्याची. वाळलेला कडबा चालतो.
- सरकी पेंड. रवंथ करणाऱ्या जनावरांचं खाद्य ते. घोड्याला आणि कुत्र्याला नको.

घोड्याला किती

ढोबळ हिशेब असा: वजनाच्या दोन टक्के कोरडं खाद्य. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या आसपास. त्यातला मोठा भाग वैरणीचा हवा. कडबा, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास. कडबा शेकड्यावर मिळतो आणि पेंढी गावागणिक लहान-मोठी असते. म्हणून दहा पेंढ्या वजनकाट्यावर टाका आणि मग वर्षाची खरेदी ठरवा. चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा, जव, ओट, ही कामाप्रमाणे. नुसत्या उभ्या असलेल्या घोडीला ती जवळपास लागतच नाही. एका वेळी दोन किलोच्या वर कधीच नाही. पाणी दिवसाला ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त.

इतरांना काय नको

घोड्याची चंदी शेळीच्या हाती लागली तर पोटात आम्ल होऊन ती दगावू शकते. पोट फुगलेल्या शेळीला घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. कुत्र्याला कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे नकोत. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांनो, मण्यांच्या ढिगात लोळणारा तुमचा कुत्रा गोड दिसतो, पण द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडतात. शिजवलेली हाडं आणि आंब्याच्या कोयी आतड्यात अडकतात.

उपाय साधा आहे. झाकणाचे पत्र्याचे पिंप घ्या, प्रत्येकावर जनावराचं चित्र रंगवा, प्रत्येकात वेगळं माप ठेवा. कीटकनाशकं आणि उंदराचं औषध कोठीत ठेवूच नका. उंदरांसाठी मांजर आणि पिंजरा पुरे. विष खाऊन मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला की मांजरही जातं.

दिवस बसवायचा कसा

वेळापत्रक तुमच्या सोयीनं नव्हे, घोड्याच्या पोटानं ठरतं. त्याचं जठर लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. थोडं-थोडं, वारंवार आणि ठरल्या वेळी, एवढंच त्याला मानवतं. आमच्याकडे हे असं चालतं:

- पहाटे साडेपाच: आधी घोडीकडे नजर. रात्रीची लीद किती, वैरण संपली का, उभी कशी आहे. मग पाणी आणि वैरण. कुत्री अजून बांधलेलीच.
- सहा: शेळ्या बाहेर, कोंबड्या बाहेर. कोठीला कुलूप.
- साडेसहा: खरारा, खुरांतली माती आणि खडे काढणं. हे रोज, सवारी असो वा नसो.
- सात: चंदी द्यायची असेल तर आता. त्यानंतर तासभर काम नाही.
- आठ: घोडी मोकळ्या तुकड्यात. त्यानंतर कुत्री सुटतात.
- दुपारी आणि संध्याकाळी वैरण, पाणी. तिन्हीसांजेला शेळ्या, कोंबड्या आत.
- रात्री नऊ: शेवटची फेरी. विजेरी घेऊन प्रत्येक कडीला हात लावून बघायचा. नुसतं बघून चालत नाही.

खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतं. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवाच, नाल मारलेले नसले तरी. नालबंद मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. घोडा घेण्याआधी तुमच्या तालुक्यात तो आहे का, ते विचारा. नसेल तर जवळच्या रायडिंग क्लबकडे किंवा घोडेवाल्यांकडे चौकशी करून त्याची फेरी ठरवून घ्या.

कुत्रा आणि घोडा

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. कुत्र्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. लाथ बसली तर जबडा मोडतो, पुष्कळदा जीवच जातो.

ओळख घाईनं करून देऊ नका. पहिला आठवडा कुत्रा पट्ट्यात आणि घोडा कुंपणापलीकडे. अंतर एवढं ठेवा की दोघांनीही एकमेकांकडे बघून दुर्लक्ष करावं. कुत्रा शांत बसला की खाऊ, भुंकला की मागे. मग रोज थोडं अंतर कमी. पाठलाग करायची सवय एकदा लागली की ती मोडणं महाकठीण, कारण पळणारा घोडा हेच कुत्र्याचं बक्षीस असतं. वर्षभर शिकवूनही पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला घोडा मोकळा असताना बांधून किंवा आवारात ठेवा. पण दिवसभर साखळीला जखडणं हा उपाय नव्हे, कायद्यानंही तो गुन्हा ठरू शकतो.

घोड्याला जंताचं औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्र्यांना लिदीपासून दूर ठेवा. लिदीतून आणि सांडलेल्या औषधातून आयव्हरमेक्टिन पोटात जातं. कोली आणि तशा मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांना ते फार बाधतं.

औषधांचं कपाट

एकाचं औषध दुसऱ्याला देण्याचा मोह आवरा. गोचिडांचं औषध तर विशेष जपून. अमिट्राझ गुरांना, कुत्र्यांना चालतं, पण घोड्याला लावलं तर आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ होतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिन मांजराला विष. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरायला २००६ पासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. गावात अजूनही "माणसाचं इंजेक्शन आहे, चालतं" म्हणून ते टोचणारे भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका.

लसींचं टिपण भिंतीवर लावा:

- घोडा: धनुर्वात (पहिल्या वर्षी चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा, नंतर दरवर्षी) आणि रेबीज. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही.
- कुत्रा: पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो यांची एकत्र लस आणि तिसऱ्या महिन्यापासून रेबीज. पुढे दरवर्षी.
- मांजर: रेबीज आणि मांजरांची तिहेरी लस. आणि नसबंदी, नाहीतर कडब्याच्या गंजीत दर चार महिन्यांनी पिल्लं.

पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे 'सर्रा' हा रक्तातल्या परजीवींचा आजार पसरतो. तो घोड्याला होतो आणि कुत्र्यालाही. ताप येतो-जातो, घोड्याच्या पायांवर सूज येते, कुत्र्याचा डोळा पांढरट होतो. अशी दोन जनावरं एका वेळी दिसली तर रक्त तपासा.

पोटशूळ: पहिला अर्धा तास

घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतो, वळून-वळून पोटाकडे बघतो, वरचा ओठ उचलतो, लोळतो, घामेजतो, लीद टाकत नाही. अशा वेळी:

- गव्हाण रिकामी करा. खायला काही नाही.
- ठोके मोजा, जबड्याच्या खालच्या कडेशी बोट ठेवून. निरोगी घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. विश्रांतीत ठोके साठच्या वर असतील तर प्रकरण गंभीर.
- डॉक्टरांना फोन करताना हे तिन्ही आकडे, शेवटची लीद कधी टाकली आणि काय खाल्लं, एवढं सांगा.
- लोळत असेल तर हळूहळू चालवा. शांत पडून असेल तर पडू द्या. तासन्‌तास पळवू नका.
- बाटलीनं तेल, तूप, सोडा पाजू नका. ते श्वासनलिकेत जातं. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतात.

ही शेवटची सूचना मी अनुभवानं लिहिते आहे. चौथ्या वर्षी कोठी उघडी राहिली, घोडीनं अर्धं पोतं हरभरा फस्त केला. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी प्रेमानं तेल पाजलं. पोट दोन दिवसांत बरं झालं, फुप्फुसाला बरं व्हायला पाच आठवडे लागले. कोठी उघडी मीच ठेवली होती.

शासकीय फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. पण गुरांचे डॉक्टर सगळेच घोड्याचे जाणकार नसतात. घोडा आणण्यापूर्वीच दोन डॉक्टर नक्की करा. आणि शिरवळ, परळ, परभणी, उदगीर, नागपूर यांतलं जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय कुठलं, तिथवर गाडी किती वेळात पोचते, हे एकदा मोजून ठेवा.

बिबट्या आणि साप

जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. उसात राहणाऱ्या बिबट्याचं ठरलेलं खाणं म्हणजे कुत्री आणि शेळ्या. राखणीला म्हणून कुत्रा रात्री मोकळा सोडाल तर तोच आधी जाईल. कुत्र्याला, शेळ्यांना रात्री वरूनही जाळी असलेल्या खोलीत घ्या. पाळीव जनावर मारलं गेलं तर मृतदेह हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईचा अर्ज करता येतो. वनविभागाचा क्रमांक १९२६.

कडब्याची गंज पागेपासून लांब रचा. गंजीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सर्पदंशावरची माणसांची लस जनावरांनाही लागू पडते. दंश झालेल्या कुत्र्याला मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात न्या.

कायदा: तुमची जबाबदारी आणि तुमचे हक्क

- प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मालकावरच जबाबदारी टाकतो. पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, अवाजवी वेळ साखळीत ठेवणं, जनावर सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत.
- तुमच्या जनावरानं कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाहीत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.
- उलट, कुणी तुमच्या कुत्र्याला विष घातलं किंवा घोडा जखमी केला, तर कलम ३२५ लागू होतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पोलीस "कुत्रंच आहे" म्हणून परत पाठवतील, तेव्हा कलमाचा आकडा सांगा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडा.
- घोडी शेजाऱ्याच्या पिकात शिरली तर ती कोंडवाड्यात जाऊ शकते. गुरांच्या अतिक्रमणाच्या १८७१ च्या कायद्यात घोडा आणि शिंगरूही 'गुरां'त धरलं आहे. भांडण्यापेक्षा नुकसान भरून द्या. उद्या आग लागली तर पहिली बादली घेऊन धावणारा तोच असतो.
- शेतावर आलेलं भटकं कुत्रं पकडून दुसऱ्या गावी सोडता येत नाही. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून त्याला मूळ जागीच सोडतात.
- पोपट, तारा कासव, मोर यांना पाळू नका. जखमी सापडले तरी वनविभागाला कळवा. वन्यजीव कायद्यात त्यांना पाळण्याची मुभा नाही.
- कुत्रं किंवा मांजर चावलं-ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. आपल्या कुत्र्याला लस दिली आहे म्हणून स्वतः टाळाटाळ करू नका.

कायद्यात नसलेली एक अडचण म्हणजे वरात. गावात तुमच्याकडे घोडी आहे हे कळलं की लग्नसराईत नवरदेवाचे मामा दारात उभे राहतात. नाही म्हणा. डीजे आणि फटाक्यांत बिथरलेली घोडी कुणालाही तुडवेल, आणि वर सांगितलेलं कलम २९१ तुमच्या नावावर लागेल. मी आता सरळ सांगते की घोडी गाभण आहे. गेली नऊ वर्षं ती गाभण आहे.

जमत नसेल तर

घोडा तीस वर्षं जगू शकतो. मुलं परदेशी गेली, गुडघे दुखायला लागले, घोडा सांभाळणारा मोतद्दार सोडून गेला, की पत्रांचा सूर बदलतो. त्या वेळी तीन मार्ग असतात. जवळच्या रायडिंग क्लबात महिना पैसे भरून घोडा ठेवणं, ओळखीच्या घोडेवाल्याला लेखी करार करून सांभाळायला देणं, किंवा विकणं. विकणार असाल तर बाजारात दलालाच्या हाती देऊ नका, घरी येऊन बघणाऱ्याला द्या. त्याची पागा स्वतः जाऊन बघा आणि त्याच्या दाराला खाली कडी आहे का तेही बघा.

आणि ज्यांनी अजून घोडा घेतलेला नाही, त्यांनी आधी सहा महिने एखाद्या क्लबात जाऊन खरारा करावा, लीद उचलावी, पहाटे साडेपाचला पाणी द्यावं. सवारी त्यानंतर. सहा महिन्यांनीही तुमचा पहाटेचा गजर चालूच असेल, तर मला पत्र लिहा. तुमच्या तालुक्याच्या जवळचा नालबंद शोधायला मी मदत करीन.